मुळांवरच्या गाठी

निकिताने खुरप्याने माती सैल केली आणि मक्यावर चढलेला वालाचा एक वेल मुळासकट अलगद उचलला. नामपूरहून सेंद्रिय मका-वाल पाहायला आलेले शेतकरी पुढे सरकले.

शेत पुंजाचं. मका डोक्यावर गेलेला, पानं हिरवीगार. कृषी सहायक निकिताने मुळं बादलीत धुतली, उलटसुलट करून पाहिली. पांढरी, गुळगुळीत मुळं.

"गाठी दिसत नाहीत, ताई," एकजण म्हणाला.

"वाल त्या गाठींतून हवेतलं नत्र धरतो. जमिनीत नत्र आयतं मिळालं, की मग गाठी..." ती थांबली. "चला, शेजारचा वेल बघू."

शेजारी पुंजाच्या चुलत वहिनीचं, लंकाबाईचं शेत होतं. त्याच्याच सांगण्यावरून तिने दोन्ही पिकं एकत्र लावली होती. शेण, गोमूत्र, गुळाचं जीवामृत घागरी वाहून घातलं होतं. मका मात्र खांद्याएवढाच, फिकट. महिन्यापूर्वी गावातल्या शेतकरी गटाच्या बैठकीत तिने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "भावजी, माझं काय चुकलं?"

"शेण शिळं वापरलं असंल तुम्ही," पुंजा म्हणाला होता. तेव्हा त्याच्या स्वतःच्या पिवळ्या पडलेल्या मक्याला युरिया घालून चार दिवस झाले होते. गावात कुणी पाहू नये म्हणून गोण्या त्याने पिंपळगावहून आणल्या होत्या.

लंकाबाईचा वेल निघाला. मुळांवर ज्वारीच्या दाण्यांएवढ्या गाठीच गाठी. निकिताने एक नखाने फोडली. आत गुलाबी.

"रोग हाय का, ताई?" लंकाबाईने घाबरून विचारलं.

"नाही मावशी. असंच पाहिजे."

"मग भावजींच्या वेलाला का नाय?" ती क्षणभर विचारात पडली. "माझ्याकडचं पाणी बांधावरनं तिकडं जातं. त्यानंच काय बिघडलं असंल."

पुंजाने मान खाली घातली.

"वहिनी, मी युरिया टाकला."

आवाज इतका बारीक निघाला, की त्याला पुन्हा सांगावं लागलं.

"दोन गोण्या. तुमचं काय चुकलं नव्हतं. शेण बी ताजंच होतं, मला ठाऊक होतं."

पाहुणे उगाच मक्याकडे बघत राहिले. लंकाबाईने साडीला लागलेली माती झटकली.

"म्हणून बैठकीला यायचं सोडलं मी," ती म्हणाली. "लाज वाटायची."

पुंजाने डोक्यावरची टोपी काढली; पण काढल्यावर तिचं काय करायचं, ते त्याला कळेना.