हिरवीचा मुख्य चालक

"थंडी तुलाही वाजते, मलाही वाजते. पण कुरकुर तू एकटीच करतेस. जरा शिक माझ्याकडून."

अप्पा गाडीशी बोलत होते. मी चहाचा थर्मास घेऊन गॅरेजच्या दारात, अगदी त्यांच्या समोर उभी होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. त्यांनी चोक ओढला, किल्ली फिरवली. हिरवी खोकली, शिंकली आणि शेवटी उपकार केल्यासारखी सुरू झाली.

हिरवी म्हणजे आमची गाडी. माझ्यापेक्षा वयाने मोठी, त्यामुळे लहानपणी मला तिचा जरा धाकच होता. माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, ती भंगाराच्या आवारातून उचलून आणली होती आणि आईची बोलणी खात खात उभी केली होती. अप्पा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. हिरवीच्या दोन्ही अंगांना, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत, त्यांनी सायीच्या रंगाची एक बारीक रेघ ओढली होती. पट्टी नाही, दोरी नाही, श्वास रोखून एका दमात. लोक गाडी सोडून रेघ बघत उभे राहायचे.

मागे एकदा कुणीतरी सायकल घासली आणि डावीकडची रेघ खरवडली गेली. अप्पांनी ती नव्याने काढली. पुढच्या दारापर्यंत रेघ शहाण्यासारखी गेली आणि मग फिरायला निघाल्यासारखी वर चढली, खाली उतरली, मागच्या चाकापाशी पार भरकटली.

"कशी झालीय?" अप्पांनी ब्रश पुसत विचारलं.

"झकास," मी म्हणाले.

"एकदम सरळ, आजोबा," माझी लेक म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक नाटक सुरू झालं. त्याची तालीम कधी झाली नाही, पण पाठांतर चोख होतं. रविवारी सकाळी अप्पा टोपी घालून "जरा फेरी मारून येतो" म्हणत मागच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये जायचे. दार उघडायचे, हिरवी सुरू करायचे, स्टीअरिंगवर हात ठेवून बसायचे. अर्ध्या तासाने इंजिन बंद व्हायचं आणि अप्पा हात चोळत घरात यायचे.

"कुठवर गेला होतात, आजोबा?"

"पुलापर्यंत. गर्दी होती बरीच."

एका रविवारी तर पाइपलाइनवाल्यांनी गॅरेजच्या तोंडाशीच भला मोठा चर खणून ठेवला होता. बैल पडला असता तरी सापडला नसता. अप्पा परत आले आणि म्हणाले, "आज रस्ता एकदम मोकळा!" माझ्या हातातला चमचा खाली पडला. बारकी मात्र शांतपणे ब्रेडला लोणी लावत म्हणाली, "बरं झालं बाई. नाहीतर तुम्ही वैतागता."

बारकी म्हणजे माझी लेक. नाव बारकी, उंची माझ्यापेक्षा जास्त. ती दहा वर्षांची असल्यापासून अप्पा तिला सांगत आले, "तू लायसन्स आण, हिरवी तुझी." यंदा तिने लायसन्स आणलं. शब्द दिला होता, गाडी होती, चालवणारी होती. अडलं होतं ते विम्यापाशी. हिरवीची जुनी पॉलिसी महिनाअखेर संपत होती.

बारकी फोन घेऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ठाण मांडून बसायची. कंपनीवाले थांबायला सांगून फोनवर वाजवतात ते संगीत इतक्यांदा ऐकलं की मी भांडी त्याच तालावर घासायला लागले.

"अठरा? आणि गाडी किती जुनी म्हणालात?" पलीकडून कुणीतरी हसल्याचं मलाही ऐकू यायचं.

एका कंपनीने सांगितलेल्या हप्त्यात तसल्याच दोन गाड्या आल्या असत्या. एकीने सांगितलं, पंचविशी गाठा, मग या. "म्हणजे तोवर मी गाडीला मिठी मारून बसू का?" बारकी फोन ठेवून म्हणाली. "जुन्या गाडीला जुना माणूस लागतो म्हणे. मी काय केस पांढरे करून घेऊ?"

मग एक पोरगेलासा आवाज भेटला. त्याने युक्ती सांगितली. "आजोबा आहेत ना? मुख्य चालक म्हणून त्यांचं नाव टाका. इतकी वर्षं एक अपघात नाही, हप्ता एकदम कमी बसेल. तुमचं नाव खाली, कधीमधी चालवणारी म्हणून. सगळे तसंच करतात."

बारकीने हे मला भाजी चिरता चिरता सांगितलं. माझ्याकडे बघितलं नाही. मीही तिच्याकडे बघितलं नाही.

"बरंच आहे की," मी म्हणाले.

खरं तर ते बरं नव्हतं, हे आम्हा दोघींना कळत होतं. पण मोहात पडायला हप्ता कमी होणं एवढंच कारण नव्हतं. अप्पांचं नाव वर राहिलं, की कुणालाच काही बोलायला नको होतं. अप्पांना सांगितलं तेव्हा ते नुसते "हूं" म्हणाले आणि टोपी झटकत बसले. पाट्या रंगवणाऱ्या माणसाला, तुला आता अक्षर दिसत नाही, असं कोण सांगणार? मी नाही. मी लहान असताना त्यांनी मला कुंकवाच्या डबीवर माझं नाव लिहून दिलं होतं, आणि मुंगीलाही वाचता येईल एवढं रेखीव होतं ते.

बारकीने शेवटी दुसरीच कंपनी निवडली, जुन्या गाड्यांचेच विमे काढणारी. "तिथली बाई गाडी बघायला येणार आहे," ती म्हणाली. "बघून मग हप्ता पक्का."

बाई आली शनिवारी, बारकी फुलांच्या दुकानातलं काम उरकून घरी आल्यावर. पन्नाशीची, सपाट चपला, गळ्यात चष्मा. आल्या आल्या चहाला नाही म्हणाली आणि थेट हिरवीच्या चाकांपाशी उकिडवी बसली, तेव्हाच मला आवडली. तिने गॅरेजचं कुलूप ओढून पाहिलं. बॉनेट उघडायला लावलं. उजव्या अंगाने चालत गेली, रेघेवरून बोट फिरवलं.

"हाताने काढलीय?"

"हाताने," अप्पा म्हणाले. त्यांची मान थोडी वर झाली.

"सुरेख." मग ती डाव्या अंगाला आली. मागच्या दारापाशी थांबली. आम्ही तिघंही थांबलो. तिने एकदा रेघेकडे बघितलं, एकदा अप्पांकडे, आणि फोटो काढला.

"मुख्य चालक कोण?"

"आजोबा," बारकी म्हणाली. पटकन. फारच पटकन.

बाईने चष्मा डोळ्यांवर चढवला. "पण तुमचं माझं फोनवर वेगळं बोलणं झालं होतं ना? जुन्या गाड्यांच्या क्लबाची मेंबर व्हा, गाडी कुलपात ठेवा, रोज कॉलेजला नेऊ नका, वर्षाच्या ठरलेल्या किलोमीटरच्या आत राहा. मग तुमच्या स्वतःच्या नावावरही बसतो की हप्ता आवाक्यात. तुम्ही म्हणालात, दुकानाच्या पगारात भागेल. मेंबरसुद्धा झालात. मग?"

मी बारकीकडे बघितलं. आम्हाला तर ती रोज सांगत होती की तिच्या नावावर विमा द्यायला कुणी उभंच करत नाही. बारकीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"विचार बदलला," ती पुटपुटली. "गाडी आजोबांचीच आहे. तेच चालवतात."

"हरकत नाही," बाई म्हणाली. "चालवणारा खरा असला की झालं. आजोबांचं नाव टाकायचं आणि नातीने चालवायचं, असं पुष्कळ जण करतात. मग कधी ठोकलं की कंपनी छदामही देत नाही, आणि पोरीच्या नावाला जन्माचा डाग लागतो. म्हणून विचारते, दुसरं काही नाही." मग ती अप्पांकडे वळली. तिचा आवाज उगाच मऊ झाला नाही, ते मला बरं वाटलं. "काका, जरा गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणता? मला गिअरचा आवाज ऐकायचाय."

"बॅटरी उतरलीय बहुतेक," मी म्हणाले.

"आजोबांचा चहा व्हायचाय," बारकी म्हणाली.

"थंडी आहे बाहेर," मी.

"आणि टायरमध्ये हवा..."

"अगं, थांबा दोघी," अप्पा म्हणाले.

ते गाडीत बसले. चोक ओढला, किल्ली फिरवली. लबाड हिरवी त्या दिवशी पहिल्याच हाकेला ओ देऊन सुरू झाली. अप्पांनी दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले. समोर उघडं दार होतं, दारापलीकडे गल्ली होती, गल्लीत शेजारच्यांचं पोर लाल चेंडूशी एकटंच खेळत होतं. चेंडू आमच्या दारासमोरून गडगडत गेला. पोर त्याच्यामागे गेलं. अप्पांची नजर हलली नाही. मग पोराचा आवाज ऐकू आला आणि अप्पांनी चटकन मान फिरवली, चुकीच्या बाजूला.

बारकी पुढे झाली आणि खिडकीपाशी वाकली. "आजोबा, राहू द्या ना. आपण नंतर..."

"एक सांग," अप्पा म्हणाले. "डावीकडची रेघ कशी आहे?"

बारकीचं तोंड उघडलं. "एकदम स" एवढं मला ऐकू आलं, आणि पुढचं तिला निघेना. तिने अप्पांच्या बाहीवरचं नसलेलं कुसळ काढलं.

"असू दे," अप्पा म्हणाले. त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. इंजिन चालूच ठेवून ते उतरले आणि एक हात हिरवीच्या अंगावर ठेवून पुढून वळसा घालत निघाले, बॉनेटवरून, दिव्यावरून, ओळखीच्या घरात अंधारात चालावं तसे. पलीकडचं दार त्यांनी चाचपून उघडलं आणि शेजारच्या सीटवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. चालकाची जागा रिकामी होती आणि बारकी अजून खिडकीपाशी ओणवी उभी होती.

"बस की," ते तिला म्हणाले. "क्लच हलक्या पायाने सोड, नाहीतर रुसते ती."

मग त्यांनी काच खाली केली आणि बाईचा आवाज जिथून आला होता त्या दिशेला तोंड केलं.

"लिहा बाई. मुख्य चालक माझी नात. मला दिसत नाही."