वरचा अर्धा पेला

सकाळी साडेसहाला गुंडू गवळ्याची म्हैस कॉलनीच्या कोपऱ्यावर येऊन उभी राहिली की विद्याश्रीला घरातलं एखादं काम आठवायचं. सात वर्षं रोज असंच चाललं होतं. बाकीच्या बायका पातेली घेऊन गप्पा छाटत उभ्या असायच्या. डोळ्यांदेखत काढलेल्या दुधाची सर पिशवीतल्या दुधाला नाही, यावर त्यांचं एकमत होतं, आणि त्या कॉलनीत दुसऱ्या कशावर एकमत झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. विद्याश्री मात्र सगळ्यांच्या शेवटी जायची. गुंडू तिच्या पातेल्यात लिटरचं माप ओतायचा आणि न मागता वर अर्धा पेला घालायचा.

“ह्यो पोरीसाठी,” तो म्हणायचा. “हात बरा हाय न्हवं वैनी तिचा? थंडीत ठणकत न्हाई न्हवं?”

“नाही हो. बरा आहे.”

“माझ्या कुत्र्यानं केलं. तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई त्यानं मला.”

विद्याश्री मान खाली घालून घरी यायची. ते दूध ती स्वतः कधी प्यायची नाही. कारण तिच्या पोरीला, शांभवीला, गुंडूचा कुत्रा चावलाच नव्हता.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालातली. गुंडूकडे तेव्हा हरण्या होता, जतहून आणलेला कारवानी कुत्रा. लांब तोंड, आत गेलेलं पोट, हरणाच्या रंगाची कातडी आणि काठीसारखे पाय. म्हशीच्या बाजूनं तो शिस्तीत चालत यायचा आणि धार काढून होईपर्यंत शिरीषाच्या झाडाखाली बसून राहायचा. चार वर्षांची शांभवी त्याला बिस्कीट भरवायची, भरवताना अख्खा हात त्याच्या तोंडात घालायची. तो डोळे मिटून ते सोसायचा. तरीही बायका पदर सावरून लांबून जायच्या. कारवानी म्हणजे सशाच्या मागं लागणारी जात, तिच्या रक्तातच शिकार, असं सगळे म्हणत, म्हणून सगळे मानत.

विद्याश्रीच्या घरी होती स्वीटी. पांढरीशुभ्र पामेरियन. नवीन बंगल्याला शोभावी म्हणून शशिधरनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ती पुण्याहून आणलेली. पहिला महिना तिचे फोटो काढण्यात गेला. नंतर ती मागच्या ग्रिलला हातभर साखळीनं बांधली गेली ती कायमचीच. तिला कुणी फिरवायचं नाही, तिच्याशी कुणी बोलायचं नाही. इंजेक्शनाचा विषय विद्याश्रीनं एकदा काढला, तर शशिधर हसला होता. “असल्या घरगुती जातीला कसली गं इंजेक्शनं?”

एका दुपारी शांभवी स्वीटीच्या ताटलीशेजारी पडलेला चेंडू घ्यायला वाकली. दिवसभर उन्हात बांधलेल्या स्वीटीनं तिचा हात धरला तो सोडलाच नाही. विद्याश्रीनं स्वतः जबडा उघडून तो सोडवला. कोपराखाली चार दात रुतले होते.

शेजारच्या शालूबाई रिक्षात बरोबर आल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “कुणाचं कुत्रं?”

“त्या गवळ्याचं असणार की! दुसरं कुणाचं?” शालूबाई आधीच बोलून बसल्या. “मी सांगतच हुतो, ते लांब तोंडाचं एक दिवस पोराबाळांस्नी फाडणार म्हणून. व्हय न्हवं गं विद्या?”

खरं सांगायला एक क्षण पुरे होता. विद्याश्रीला वाटलं, आपलंच कुत्रं, आपण बांधून ठेवलेलं, इंजेक्शन न दिलेलं. हे आता सगळ्यांसमोर सांगायचं? तिनं मान हलवली. एवढंच केलं तिनं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, ‘कारवानी कुत्रा’.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो कॉलनीचा सेक्रेटरी होता. त्यानं आधी दार लोटून घेतलं.

“आता तोंड उघडायचं न्हाई,” तो म्हणाला. “कॉलनीत काय इज्जत राहील आपली? आणि गवळ्याच्या कुत्र्याची जातच तसली. आज न्हाई तर उद्या चावलंच असतं ते.”

चावलंच असतं! या दोन शब्दांवर किती निष्पाप जिवांचं वाटोळं झालंय, याचा हिशेब मांडायला कुणी बसलेलं नाही. विद्याश्रीला ते वाक्य पटलं नव्हतं, पण तिनं ते उशाला घेतलं, कारण झोप तर लागायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी गुंडू फाटकाबाहेर टोपी हातात घेऊन उभा राहिला. आत या म्हटलं तरी आला नाही. डॉक्टरांनी कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवायला सांगितलं होतं, म्हणून त्यानं हरण्याला गोठ्यात बांधलं आणि रोज येऊन सांगू लागला, “खातंय, पितंय वैनी. घाबरू नगा.” इकडे विद्याश्री पहाटे उठून चोरासारखी मागच्या दारी जायची आणि स्वीटी पाणी पितेय का ते बघायची. शांभवीची इंजेक्शनं झाली, जखम भरली. पोर दोन दिवस “स्वीटी चावली” म्हणत होती. मग तिला चॉकलेट देऊन शिकवलं गेलं, कुणी विचारलं तर हरण्या म्हणायचं. चार वर्षांच्या पोरीला खोटं बोलायला तिच्या आईनं शिकवलं.

अकराव्या दिवशी कॉलनीची बैठक झाली आणि फाटकाशी पत्र्याची पाटी लागली. शशिधरनं मजकूर स्वतः लिहिला होता: ‘अल्सेशियन, डॉबरमन, कारवानी व तत्सम हिंस्र जातींच्या कुत्र्यांस कॉलनीत सक्त मनाई.’ पामेरियनचं नाव त्यात नव्हतं. गुंडूला सांगण्यात आलं, कुत्रं ठेव नाहीतर रतीब. गुंडूनं वाद घातला नाही. पाहुण्याच्या टेंपोतून तो हरण्याला गगनबावड्याकडे घेऊन गेला आणि एकटाच परत आला. त्या सकाळपासून तो अर्धा पेला सुरू झाला.

स्वीटी पुढे हुपरीला नणंदेकडे गेली. तिथंही ती दोघांना चावली. त्यावर सगळे हसले, एवढीशी तर आहे म्हणाले.

दोन हजार पाचमध्ये कॉलनीत झुंबरबाई भाड्यानं राहायला आल्या. निवृत्त नर्स, एकट्या. बरोबर मेलेल्या भावाचा म्हातारा डॉबरमन, नाव टायगर. एका डोळ्यानं आंधळा, पायरी चढताना थांबून विचार करणारा. झुंबरबाई त्याला सकाळ-संध्याकाळ पट्ट्यानं फिरवायच्या, घाण कागदात गोळा करायच्या, इंजेक्शनाचं कार्ड पर्समध्ये बाळगायच्या. पण पाटी ती पाटी. रविवारी बैठक बोलावली गेली: कुत्रं काढा, नाहीतर खोली सोडा.

त्या सकाळी वेणी घालून घेताना शांभवीनं विचारलं, “आई, पप्पा म्हणालेत बैठकीत हातावरचा वण दाखवायचा सगळ्यांना. दाखवू?”

“का गं?”

“न्हाई, मला तर स्वीटी चावलेली न्हवं.”

विद्याश्रीच्या हातातला कंगवा तसाच राहिला. पोरीला सगळं आठवत होतं. सात वर्षं ती गप्प होती, आईनं सांगितलं म्हणून.

बैठकीत झुंबरबाई सगळ्यांत मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. टायगर त्यांच्या पायाशी झोपला होता. “एवढा म्हातारा झालाय हो,” त्या म्हणाल्या, “ह्याला घेऊन मी कुठं जाऊ?” शशिधर उभा राहिला. जात कशी रक्तात असते हे त्यानं नीट समजावून सांगितलं, आणि मग म्हणाला, “पुरावा पाहिजे? माझ्या घरातच आहे. शांभवी, ये. हात दाखव.”

शांभवी उठली. बाही वर सरकवू लागली. पण ती बघत होती आईकडे.

“खाली बस, शांभवी,” विद्याश्री म्हणाली आणि स्वतः उभी राहिली. “तिला हरण्या चावला नव्हता. आमची स्वीटी चावली होती. मी डोळ्यांनी बघितलं आणि डॉक्टरांपुढं खोटी मान हलवली.”

“विद्या! बस खाली!”

“सात वर्षं बसलेच होते की, अहो.” ती सगळ्यांकडे वळली. “स्वीटी वाईट नव्हती. आम्ही तिला उन्हात बांधली, फिरवली नाही, इंजेक्शन दिलं नाही. ती चावली नसती तरच नवल. आणि जो कधी चावला नाही त्याला आपण जात बघून हाकललं. पाटीवरची जातींची नावं पुसा. त्या जागी लिहा, कुत्रं कुठलंही असो, त्याला टोचून घ्या, दिवसभर बांधू नका, रस्त्यावर पट्टा लावा, आणि चावलं तर मालकानं पुढं येऊन कबूल करावं. हा नियम असता ना, तर पहिली गुन्हेगार मी ठरले असते.”

शालूबाई एवढंच म्हणाल्या, “अगं बया!” शशिधर कागद गोळा करत राहिला. टाळ्या वगैरे वाजल्या नाहीत. पाटी बदलायला पुढं आणखी तीन बैठका लागल्या, आणि त्या होईपर्यंत घरात नवरा-बायकोचं बोलणं बंद होतं. पण झुंबरबाईंना त्या दिवशी कुणी खोली सोडायला सांगितलं नाही.

अवघड काम अजून राहिलंच होतं. दुसऱ्या दिवशी विद्याश्री सगळ्यांच्या आधी कोपऱ्यावर गेली, शांभवीला हाताशी धरून. पातेलं खाली ठेवून तिनं बायकांसमोरच गुंडूला सगळं सांगितलं.

गुंडूचे हात थांबले. म्हशीनं वळून पाहिलं.

“म्हंजी हरण्यानं केलंच न्हवतं?”

“नाही. मला तेव्हाच माहीत होतं, गुंडूदादा.”

बादलीकडे बघत तो हळू आवाजात बोलू लागला. “घाटात उतरिवला तवा त्येला वाटलं, फिरायला आणलाय. टेंपो हालला तसं मागनं पळालं. कारवानी ते, टेंपोला काय ऐकतंय? लई लांबवर बरूबर पळत हुतं, माझ्याकडं बघत. मग मी दगूड मारला, वैनी. ह्या हातानं. पोरीला तोडलं म्हणून मनात राग हुता माझ्या.”

“मला काय बोलायचं ते बोला. शिव्या द्या.”

शांभवीच्या डोक्यावर हात ठेवून गुंडूनं तिला बाजूला केलं आणि राहिलेली धार काढली. लिटरचं माप भरून विद्याश्रीच्या पातेल्यात ओतलं. सवयीनं त्याचा हात पेल्याकडे गेला. पेला बादलीत बुडाला, अर्धा भरला, पातेल्यावर आलाही. तिथं तो थांबला. गुंडूनं ते दूध परत बादलीत ओतलं आणि विद्याश्रीच्या मागं उभ्या असलेल्या बाईला म्हणाला, “हां, तुमचं आणा.”