उघडी लाइन

ऑपरेटरबाईंनी फोन दोन्ही हातांत धरून खोलीचे चारही कोपरे दाखवले. आधी कपाट, मग पलंगाखालची ट्रंक, मग दार. दाराची कडी दिसावी म्हणून त्यांना वाकावं लागलं. कंबरेत कळ आली, तरी त्या तशाच वाकून राहिल्या.

"अजून खाली. कडी दिसत नाहीये."

"ही बघा साहेब."

"ठीक आहे. आता बसा. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही."

त्या खुर्चीत बसल्या आणि फोन औषधांच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर साहेबांचा खांदा होता, खांद्यावर पोलिसी पट्ट्या, मागे निळी भिंत. चेहरा कधी अर्धा दिसे, कधी नुसती हनुवटी. फोन आला तेव्हा सव्वानऊ वाजले होते. आता साडेअकरा होत होते, आणि एवढ्या वेळात त्यांनी तीनदा घाम पुसला होता, तोही परवानगी मागून.

त्यांच्या नावावर कुणीतरी दुसरं सिमकार्ड घेतलं होतं म्हणे. त्यावरून माणसांना धमक्या गेल्या होत्या, एकानं जीव दिला होता. चौकशी गुप्त होती. घरात कुणाला कळलं तर त्या माणसालाही आत घेणार. आणि चौकशी संपेपर्यंत बँकेतली ठेव सरकारी खात्यात हलवायची, निर्दोष ठरलात की जशीच्या तशी परत.

ती ठेव एकट्या ऑपरेटरबाईंची नव्हती. दोघी जावांनी आपापल्या नवऱ्यांच्या मागे उरलेलं सगळं एकत्र करून ठेवलं होतं. 'चूल एक, तर गाठोडंही एकच,' असं थोरल्या जाऊबाई म्हणाल्या होत्या आणि कागद न वाचता सही ठोकून मोकळ्या झाल्या होत्या. त्या ठेवीवर दोघींची म्हातारपणं उभी होती.

पहिल्या पाच मिनिटांतच साहेबांनी दम भरला होता, "फोन कट केलात तर अर्ध्या तासात पोलीस दारात."

भीतीपेक्षा ऑपरेटरबाईंना त्याचा रागच आला होता. "साहेब, एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत मी. माझ्या हातून आजवर एक लाइन तुटलेली नाही."

साहेब म्हणाले होते, "वा. मग आपलं जमेल."

ते खरंच होतं. उंच स्टुलावर बसून त्यांनी दिवसाला शेकडो माणसं एकमेकांना जोडून दिली. बोर्डावर दोरी खोचायची आणि दोन्हीकडच्यांनी रिसीव्हर ठेवल्याचे दोन छोटे दिवे लागल्याशिवाय ती ओढायची नाही. कुणाचं बाळंतपण असेल, कुणाची मयत असेल, आपण कोण मधेच तोडणारे? नव्या मुलींना त्या हेच सांगत. निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली, तरी राँग नंबर आला तर समोरच्यानं ठेवेपर्यंत त्या कानाला फोन धरून राहत. हे ऐकून सगळी इमारत हसायची, आणि सगळी इमारत त्यांना ऑपरेटरबाईच म्हणायची.

दारावर थाप पडली.

"अगं, कडी कशाला? आत खजिना पुरतेयस का?"

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "कोण आहे?"

"थोरली जाऊ माझी. तिला कमी ऐकू येतं."

"वाटेला लावा. आणि लक्षात ठेवा, मी ऐकतोय."

ऑपरेटरबाईंनी आवाज चढवला. "डोकं दुखतंय हो जाऊबाई! पडते जरा!"

"डोकं दुखतंय तर माझ्या खोलीत ये, चोळून देते. कडी घातली म्हणून डोकं थांबतं होय?"

"झोपते म्हटलं ना!"

बाहेर सपातांचा घसटता आवाज हळूहळू स्वयंपाकघराकडे गेला. ऑपरेटरबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं, ते सोडायचं राहूनच गेलं. नवऱ्यांशी दोघी खोटं बोलल्या असतील, हजारदा. एकमेकींशी नाही.

"शाब्बास," साहेब म्हणाले. "घरात दुसरा फोन आहे म्हणालात. त्याचा रिसीव्हर काढून ठेवलाय ना?"

कोपऱ्यातल्या तिपाईवर जुना घरचा फोन होता. रिसीव्हर त्याच्या शेजारी आडवा पडलेला होता, पाठीवर उलटलेल्या किड्यासारखा. मघाशी साहेबांच्या सांगण्यावरूनच त्यांनी तो काढला होता.

"हो साहेब."

"मग आता बँकेचं ॲप उघडा. मी सांगतो तसं करायचं. शेवटी एक नंबर येईल, तो मला वाचून दाखवायचा. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय, बाई."

त्यांनी चष्मा चढवला. पासवर्ड दोनदा चुकला. साहेब "घाई नाही, घाई नाही" म्हणाले, पण त्यांची बोटं कुठंतरी टेबलावर ताल धरत होती. तेवढ्यात साहेबांना कुणीतरी मागून हाक मारली. साहेबांनी मान वळवली, तोंड फोनपासून दूर गेलं, आणि त्यांच्या खोलीचा आवाज आत आला.

ऑपरेटरबाईंचं बोट थांबलं.

हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. कचेरीचा नव्हे. कचेरीत खुर्च्या सरकतात, कुणी खोकतं, कुणी चहावाल्यावर खेकसतं. इथे नुसती गुणगुण होती, सलग आणि खालच्या पट्टीतली. खूप माणसं एकमेकांना न ऐकता, एकाच वेळी, हळू बोलत असली की होते तशी. एकतीस वर्षं त्या गुणगुणीत त्या बसल्या होत्या.

त्या गुणगुणीतून अगदी शेजारचा एक आवाज वर आला, पुरुषाचा. "तुमच्या भल्यासाठीच सांगतोय, बाई."

तेच वाक्य. 'भल्यासाठीच' नंतरचा तोच छोटा श्वास. एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर नव्या मुलींकडून वाक्यं घोटून घ्यायची, तेव्हा दहा मुली अशाच एका जागी श्वास घ्यायच्या.

"घरचा फोन नंबर सांगा," शेजारचा पुरुष म्हणत होता. "आणि रिसीव्हर काढून बाजूला ठेवा."

मग कुठल्यातरी स्पीकरमधून, खूप लांबून, एका म्हातारीचा रडका आवाज आला. एकेक आकडा सुटा करून ती सांगत होती. लहान मूल पायऱ्या उतरतं तशी, प्रत्येकीवर थांबून.

ऑपरेटरबाईंनी ते आकडे लक्षात ठेवले नाहीत. ते आपोआप राहिले. त्यांचं डोकं त्यासाठीच घडलेलं होतं.

साहेब परत वळले. "हं, कुठे होतो आपण? पासवर्ड."

त्यांनी साहेबांकडे पाहिलं. पट्ट्यांपैकी एक खांद्यावर तिरकी बसली होती. आता एवढंच करायचं होतं, लाल खुणेवर बोट ठेवायचं. जगात कुणालाही जमतं ते. अंगठा पडद्यावर आला आणि केसभर अंतरावर थांबला. तिकडचा दिवा लागला नव्हता. तिकडचा माणूस अजून बोलत होता.

"बाई? ऐकताय ना? पोलीस पाठवू का?"

आवाज निघाला तो जुनाच, ट्रंक कॉलची मुदत संपली की घड्याळ बघून मधे बोलायचा सपाट, विनम्र आवाज.

"साहेब, आपली तीन मिनिटं झाली."

"काय?"

त्यांनी फोन बंद केला.

तो लगेच वाजला. पुन्हा वाजला. त्यांनी तो उशीखाली कोंबला, तर उशीही गुरगुरू लागली. कडी काढताना ती दोनदा हातातून सुटली. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि सगळं ओरडून सांगितलं. ओरडल्याशिवाय जाऊबाईंना ऐकू गेलं नसतं, आणि आता कुणी ऐकलं तरी चालणार होतं. समोरच्या घराची खिडकी उघडली.

जाऊबाई निवडायला घेतलेली भाजी मांडीवर ठेवून ऐकत राहिल्या.

"ठेव गेली?"

"नाही. पासवर्ड चुकला दोनदा. बरं झालं चुकला."

"देव पाठीशी होता म्हणायचं." जाऊबाईंनी एक देठ मोडला. मग वर न बघता म्हणाल्या, "पण कडी घातलीस. माझ्यापासून."

"तो म्हणाला, सांगितलं तर तुम्हालाही नेतील."

"नेऊ दे की! जेलमध्ये तरी माझी भाजी कोण निवडणार होतं, तू? चल, बँकेला फोन कर. आणि मोबाइलवर शोधू नकोस नंबर, पासबुकावर छापलाय तो लाव. एवढं मलाही कळतं, बहिरी असले तरी."

त्यांनी घरच्या फोनचा रिसीव्हर जागेवर ठेवला, पुन्हा उचलला. जाऊबाईंनी भिंगातून आकडे वाचले, यांनी फिरवले. बँकेतल्या मुलीनं खातं गोठवलं, पोलिसांचा तक्रारीचा नंबर दिला. पोलिसांनी सगळं लिहून घेतलं. त्या दुसऱ्या बाईंचा नंबरही घेतला, बघतो म्हणाले. ऑपरेटरबाईंनी विचारलं, "कधी?" तिकडून उत्तर आलं, "बघतो ना, आजी."

त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि तो नंबर स्वतः फिरवला.

एंगेज.

पुन्हा. एंगेज.

"आता हे कोणाला?" जाऊबाई म्हणाल्या. "आपलं निभावलं ना? बस जरा. ओठ पांढरे पडलेत तुझे."

"ती अजून लाइनवर आहे."

"नंबर चुकला असेल तुझा."

ऑपरेटरबाईंनी नुसतं वळून पाहिलं.

"बरं बाई, नाही चुकला," जाऊबाई म्हणाल्या, आणि भाजीची परात घेऊन तिथेच जमिनीवर बसल्या.

पूर्वी असं नव्हतं. बोर्डावर बसलेल्या माणसाला चालू बोलण्यात शिरता येई. 'माफ करा, तातडीचा निरोप आहे,' म्हणायचं की झालं. आता मधे कुणी बसलेलं नव्हतं. नुसता तो तुटक आवाज, आणि त्यामागे कुठल्यातरी घरात तिपाईवर आडवा पडलेला एक रिसीव्हर. एक वाजला, दीड वाजला. बोट दुखायला लागलं तेव्हा त्या मधल्या बोटानं नंबर लावू लागल्या.

पावणेदोनला पलीकडे घंटा वाजली.

त्या खाडकन ताठ झाल्या. घंटा वाजतेय म्हणजे रिसीव्हर परत जागेवर गेलाय. का गेला? तिला कुणी सोडवलं, की साहेबांचं काम झालं?

पाच घंटांनंतर फोन उचलला गेला. आधी नुसता श्वास. मग अगदी दबलेला आवाज, "साहेब, चुकून ठेवला मी. परत काढते. रागावू नका."

म्हणजे अजून वेळ होता. ऑपरेटरबाईंनी तोंड उघडलं. घाबरू नका, असं म्हणणार होत्या. ते त्या साहेबानं म्हटलं होतं. माझ्यावर विश्वास ठेवा. तेही म्हटलं असणार. तुमच्या भल्यासाठी. मी सांगते तसं करा. फोन ठेवू नका. एकेक वाक्य ओठांवर येत होतं आणि प्रत्येक वाक्य त्या माणसांनी आधीच वापरून टाकलेलं होतं. आपण कोण, हे तरी कसं सांगायचं? त्याच्याकडे पट्ट्या होत्या. यांच्याकडे नुसता आवाज.

जाऊबाई हात थांबवून वर बघत होत्या.

"साहेब?" पलीकडची बाई कुजबुजली.

"मी साहेब नाही हो," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "बाई, सकाळपासून पोटात काही गेलंय का तुमच्या?"

पलीकडे लांबून, खोलीच्या दुसऱ्या टोकाहून, पुरुषाचा आवाज आला, "कॅमेऱ्यासमोर या बाई, कुठे गेलात?" एकदा आला, दोनदा आला.

रिसीव्हर खाली गेला नाही. उलट श्वास जवळ आला, तोंड फोनला अगदी चिकटवल्यासारखा.

"नाही हो," ती म्हणाली, आणि रडायला लागली. "कुणी विचारलंच नाही."