पडदाभर तेजल

आई गात का नाही, हा किडा तेजलच्या डोक्यात शिरला आणि काही केल्या निघेना.

उल्हासनगर कॅम्प पाचात, जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या हॉलमध्ये त्यांचं चर्च भरतं. तिथे तेजल नवी वर्शिप लीडर. म्हणजे रविवारी माइक धरून पुढे उभं राहायचं, गाणं उचलायचं आणि सगळ्या मंडळीला आपल्या मागून गायला लावायचं. पोरीचा गळा गोड, त्यात वाद नाही. पण तिची सख्खी आई, कौसाबाई, शेवटच्या रांगेत ओठ मिटून नुसती बघत बसायची. भाकऱ्या थापता थापता जिने पोरीला गाणी शिकवली, ती गप्प! तेजलला हे फार लागायचं. बाकीचे नाही गायले तरी चालेल, आई गायली पाहिजे.

विचारलं तर कौसाबाई म्हणाली, घसा बसलाय. संध्याकाळी हेंद्रेपाड्यातल्या घरी भांडी घासताना त्याच घशाने असं काही गायली की शेजारच्या मोतीबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. मग काय, आपलं पुढे उभं राहणंच हिला खपत नाही की काय? तेजलने चर्चच्या पाळकांना विचारलं, ते म्हणाले प्रार्थना कर. तिने केली. पण असलं कोडं काही प्रार्थनेने सुटत नाही, जाऊन बघावंच लागतं.

म्हणून एका रविवारी तिने माइक तिच्यासोबत गाणाऱ्या धर्मेशच्या हातात दिला आणि स्वतः आईशेजारी जाऊन बसली. एरवी गाण्याचे शब्द दाखवणारा मोठा पडदा तिच्या पाठीमागे असायचा. आज पहिल्यांदा समोर आला, आणि बाई गं! पडदाभर धर्मेश. त्याच्या नाकावरचा घामसुद्धा दिसत होता. गाण्याचे शब्द खाली एका पट्टीत, मुंगीएवढे. उपासना फोनवर लाइव्ह दाखवायला लागल्यापासून कॅमेरा सांभाळणारा सुयोग घरून बघणाऱ्यांसाठी जे चित्र पाठवायचा, तेच हॉलच्या पडद्यावर लावायचा. गाणी नवी, आणि गाण्यांची पुस्तकं तर पडदा आला तेव्हाच कपाटात गेलेली.

"आई, तुला शब्द दिसतच नाहीत?"

"नाही."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

कौसाबाईने पदर सारखा केला. "काय बोलू? माझ्या पोरीचं तोंड काढा नि अक्षरं लावा, असं मीच सांगू?"



उपासना संपल्यावर तिने सुयोगला गाठलं. तो म्हणाला, "ताई, फेस नाय दिसला तर मागच्यांना कसं कळणार कोण लीड करतंय?" खोटं कशाला बोला, तेजललाही पडद्यावर दिसणं आवडायचं. अंबरनाथची मावशी लाइव्ह बघून तिचे फोटो पाठवायची, आणि खास रविवारसाठी तिने नवे ड्रेस शिवले होते. तरी म्हणाली, "फोनवर दिसू दे हवं तर. इथे फक्त शब्द लाव. मोठे."

पुढच्या रविवारी पडद्यावर तळहाताएवढी अक्षरं उमटली. त्यांच्या आड येऊ नये म्हणून तेजल बाजूला, खांबाजवळ उभी राहिली. मागून ती कोणाला दिसणारच नव्हती. पहिलं कडवं तिचं तिनेच ओढत नेलं. दुसऱ्याला शेवटच्या रांगेतून एक जाडाभरडा आवाज उठला, तालाच्या पुढे, सुराच्या बाहेर. त्याच्या पाठोपाठ आजूबाजूच्या बायका, मग सगळा हॉल. तेजलने माइक तोंडापासून लांब धरला, आणि तरीही गाणं चालूच राहिलं.

जिन्यात कौसाबाई धापा टाकत होती, चेहरा लाल. तेजलला राहवलं नाही.

"आई, मी कशी गायले आज?"

कौसाबाईने खरोखर आठवून बघितलं. "कोण जाणे बाई. मला माझाच आवाज येत होता."

आधी जरासं टोचलं. मग भर जिन्यात, मागचे लोक खोळंबलेले असताना, तेजलने आईला मिठी मारली.