जेवणाच्या सुट्टीचा गुन्हा

"डॉन ऑरेलियो, काम केल्याबद्दल तुम्हाला ही दुसरी लेखी ताकीद," ऑफिसातली येसेनिया म्हणाली आणि हसू फुटू नये म्हणून तिने कागदात डोकं खुपसलं.

ऑरेलियोने कागद उलटसुलट करून पाहिला. वयाचा मान म्हणून सगळे त्याला 'डॉन' म्हणत. मोडेस्टोजवळच्या या अक्रोडाच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून किडके अक्रोड वेचण्यात त्याची एकतीस वर्षं गेली होती. उशिरा येणाऱ्यांना, डुलक्या काढणाऱ्यांना, एकदा तर पट्ट्यावर जिवंत कोंबडी सोडणाऱ्यालाही ताकीद मिळालेली त्याने पाहिली होती. काम केल्याबद्दल ताकीद मिळालेला तो पहिलाच.

"पाळीचा पाचवा तास संपायच्या आत अर्धा तास जेवायला उठायचं. राज्याचा कायदा आहे. तपासनीस येऊन गेल्यापासून मालकांची झोप उडालीय."

"मी उठतो की."

"उठता, हजेरीच्या घड्याळात कार्ड घालता, नि मागच्या दाराने परत पट्ट्यावर! काल पोत्यांमागे दबा धरून पाहिलंय मी. ऑफिसातल्या बाईला शोभतं का हे?"

"नाही शोभत," ऑरेलियोने प्रामाणिकपणे मान्य केलं. "शिवाय तुझा बूट दिसत होता, पोरी."

तिसऱ्या ताकिदीनंतर नोकरी जाणार होती. तसं कागदावर छापलेलंच होतं.

ऑरेलियो काही कायद्याच्या विरोधात नव्हता. त्याची बायको ओफेलिया पट्ट्याच्या पलीकडच्या बाजूला उभी असायची. पट्ट्याच्या खडखडाटात एकमेकांचं ऐकू येत नसे, आणि घरी पोचेपर्यंत दोघांतही बोलायचं त्राण उरत नसे. त्यामुळे बावीस वर्षं त्यांचा संसार दुपारी बारा ते साडेबारा चालला. मुलीचं लग्न, छताची गळती, त्याचं घोरणं, सगळं त्याच अर्ध्या तासात. एखादं भांडण साडेबाराला अर्धवट राही, ते दुसऱ्या दिवशी बाराला त्याच शब्दापासून पुढे सुरू होई. मार्चमध्ये ती गेली. आदल्या दुपारी त्याच्या नव्या टोपीवरून वाद पेटला होता. पुढचं वाक्य तिचं होतं.

येसेनियाला हे सगळं ठाऊक होतं. तिने रात्रभर नियम चाळले होते.

"एक पळवाट सापडलीय," ती हळूच म्हणाली. "पाळी सहा तासांची केली, तर मालक नि कामगार दोघांच्या संमतीने जेवणाची सुट्टी माफ करता येते. मी सही घेऊन ठेवलीय मालकांची. दोन तास आधी घरी जायचं, बस."

"घरी?"

"हो."

"घरी तर दिवसभर जेवणाची सुट्टीच असते, पोरी."

येसेनियाने मालकांच्या सहीचा कागद खणात सरकवला. ऑरेलियोने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाराला पाच कमी होते.

"जेवणाच्या खोलीत बसून काय करायचं, ते लिहिलंय का कायद्यात?" त्याने विचारलं.

"काम सोडून काहीही."

"बघ हं. मोठं आहे ते 'काहीही'."

बाराला त्याने कार्ड घातलं, आणि सात महिन्यांत पहिल्यांदाच तो जेवणाच्या खोलीत शिरला. खिडकीजवळच्या टेबलाशी नेहमीच्या जागी बसला. भाकरीची गुंडाळी सोडली, एक घास तोडला आणि हातातच धरून ठेवला.

हंगामाचे दिवस, खोली खच्चून भरलेली. नव्याने लागलेली एक बाई हातात डबा घेऊन खुर्ची शोधत होती. तिने ऑरेलियोच्या समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"काका, इथे कुणी बसतं का?"

खोलीतली जुनी माणसं खायची थांबली.

ऑरेलियोने खुर्चीकडे पाहिलं. मग त्या बाईकडे. तीही सकाळपासून उभीच असणार.

"नाही," तो म्हणाला. "घेऊन जा."

तिने खुर्ची ओढत नेली. ऑरेलियोने घास तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिला. अजून सव्वीस मिनिटं होती.