सुमन मॅडमची शिक्षा

अक्षदाच्या दोन्ही नडग्यांवर गाठी उठल्या होत्या. आंघोळ घालताना यमुनाचा हात लागला तशी पोर कळवळली. काही गाठी लालभडक आणि गरम, काही काळ्यानिळ्या, एकदोन हिरवट-पिवळ्या. मार बसून आठवडा झाला की कातडी जशी दिसते, हुबेहूब तशी.

"पडली होती का व?"

"नाही."

"मंग शायेत शिक्षा भेटते का तुले?"

"भेटते न. रोजच."

"कोन देते?"

"सुमन मॅडम. मतलब, सबको देते हैं, पर मले जास्त देते. सगळे खेळतात तवाबी."

यमुनाचं डोकंच फिरलं.

आता हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे काय तिला ठाऊक नव्हतं? नवऱ्याची, भीमरावची, रेल्वेत बदली झाली आणि वर्धा सोडून ते जयपूरच्या जगतपुऱ्यात राहायला आले, तेव्हा शाळेच्या भिंतीवरचं 'शिक्षा का मंदिर' वाचून दोघं पोट धरून हसले होते. 'इथं शिक्षेचं देऊळच बांधलंय,' असं भीमराव आल्यागेल्याला सांगायचा. पण पोरीचे पाय असे दिसल्यावर आई कुठली हिंदीत ऐकायला बसते! तिने मराठीत विचारलं, मराठीतच ऐकलं. अक्षदा मात्र जयपुरातच बोलायला लागलेली, तिला शिक्षा म्हणजे धडे एवढंच माहीत. वाचनात ती कच्ची होती, म्हणून सुमन मॅडम स्वतःचा डबा बाजूला ठेवून मधल्या सुट्टीत तिला शिकवत होत्या. पोरीने खरं तेच सांगितलं होतं.

भीमरावने आधी पालकांच्या ग्रुपवर पायांचा फोटो टाकला आणि मग तो शाळेत गेला. मला विचाराल तर सगळं वाटोळं या क्रमात झालं. आधी नुसतं विचारलं असतं तर!

मुख्याध्यापकांनी अक्षदाला समोर बसवून हिंदीत विचारलं, "मैडम ने मारा?" ती "नहीं" म्हणाली आणि एवढी मोठी माणसं आपल्याकडे बघताहेत म्हणून रडायला लागली.

"देखिए, कितना डराके रखा है," भीमराव म्हणाला.

याच्यावर त्या पोरीने काय बोलायचं? सुमन मॅडम कोपऱ्यात उभ्या होत्या. "मैंने तो पढ़ाया है, सर," एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. त्या हंगामी होत्या आणि याच वर्षी कायम व्हायच्या होत्या. फोटो तोवर ग्रुपच्या बाहेर पडला होता. कुणीतरी त्याखाली मॅडमचाही फोटो जोडून दिला होता. शाळेने त्याच आठवड्यात त्यांना काढलं, आणि भीमराव दोन दिवस छाती काढून फिरला.

मग दिवाळीची सुट्टी लागली. शाळा बंद, मॅडम नाहीत, आणि एका सकाळी अक्षदाच्या पायांवर नव्या गाठी. भीमराव त्या गाठींकडे बघत बसला. यमुनाने पोरीला उचललं आणि दवाखाना गाठला.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी गाठीवर हलकेच बोट टेकवलं आणि प्रश्न सुरू केले. मागे घसा दुखला होता का? ताप? गुडघे दुखतात? कुठलं औषध चालू होतं का? पोट बिघडतं का? घरात कुणाला जुना खोकला? घसा दुखला होता, ताप आला होता. यमुनाने हळदीचं दूध पाजलं होतं आणि तो विषय संपला होता. घशातला नमुना घेतला, रक्त तपासलं, टीबीसाठी हातावर सुई टोचली, छातीचा फोटो काढला. टीबी नव्हता. घशात येऊन गेलेल्या जंतूंची खूण तेवढी रक्तात सापडली.

"जंतू घशात येतात आणि शरीर चिडतं नडग्यांवर," बाई हिंदीत म्हणाल्या. "कातडीखालच्या चरबीला सूज येते. रंग बदलतात, म्हणून लोकांना मार वाटतो. आराम करू दे. डाग न ठेवता जाईल."

"मारने से नहीं होता?" यमुनाने विचारलं.

"नहीं जी. किसने मारा इसको?"



घरी येऊन भीमरावने ग्रुपवर सगळं लिहिलं, चुकलो असंही लिहिलं. खाली दहाबारा हात जोडलेले आले, एकाने 'गेट वेल सून बेटा' म्हटलं, आणि मग कुणाच्या तरी हरवलेल्या डब्याची चौकशी सुरू झाली. फोटो वणव्यासारखा पसरला होता, ही दुरुस्ती मात्र कुणी पुढे पाठवली नाही. मुख्याध्यापक म्हणाले की नव्या मॅडम रुजू झाल्यात, पालक आता ऐकणार नाहीत, जाऊ द्या.

यमुनाला जाऊ देता येईना. पत्ता काढून ती अक्षदाला घेऊन टिळक नगरला गेली. सुमन मॅडमनीच दार उघडलं. वाळल्या होत्या. यमुनाने रडत रडत, मोडक्या हिंदीत डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं आणि पाया पडायला वाकली. मॅडम मागे सरकल्या.

"अब किसको बताएँगी आप?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. "दूसरे स्कूल में गई थी. उनके पास भी फोटो था. ट्यूशन के बच्चे भी नहीं आते."

"मी सगळ्या शायेत येते तुमच्यासंगं. मैं बोलूँगी न, मॅडमजी."

मॅडमनी नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी अक्षदाकडे पाहिलं. "पैर ठीक हैं?"

अक्षदाने फ्रॉक वर धरून पाय दाखवले. नडग्या स्वच्छ होत्या, डागसुद्धा राहिला नव्हता. मग ती धावत गेली आणि मॅडमच्या कमरेला मिठी मारायला तिने हात पसरले.

मॅडमनी चटकन दोन्ही हात पाठीमागे नेले आणि त्या भिंतीला टेकल्या.

"नहीं बेटा," त्या म्हणाल्या, "मैं अब बच्चों को हाथ नहीं लगाती."