पालेगावात पहिली आलेली पोर

पालेगावच्या मारुतीच्या देवळात रविवारी सकाळची आरती आटोपली की सभामंडपात वजनकाटा यायचा. मग बायांची जी रांग लागायची तिची मजा प्रसादाच्या रांगेलासुद्धा नव्हती. कुणी चपला काढी, कुणी पाटल्या उतरवी, कुणी डोक्यातला गजरा शेजारणीच्या हातात देई.

"गो कमळे, सोड आता श्वास! पोट आत घेतलंस म्हनून काटा फसत नाय," मागून कुणीतरी ओरडे.

"नवरा फसतो, काटा कनाला नाय फसनार?" कमळाबाई वरूनच फणकारे, आणि सगळा मंडप खदखदून हसे.

ही काट्यावर चढायची हौस वर्षभरापूर्वीची. गावची शेतं गेली, त्यांवर टॉवर उभे राहिले, घरोघर पैसा आला आणि पैशाच्या पाठोपाठ आजार आला. चिखलात राबणारी माणसं खुर्चीत बसली. अंबरनाथच्या एका कारखान्यानं निधी दिला आणि मधुमेह नि लठ्ठपणा यांच्याविरुद्ध गावात उपक्रम सुरू झाला. सकाळी चालणं, भाताऐवजी नाचणीची भाकरी, तिशीपुढच्यांची साखर तपासणं आणि रविवारी वजन. कारखान्यातले अधिकारी गुरुदत्त साहेब जातीनं हजर राहायचे. सई नावाची चुणचुणीत मुलगी आकडे वाचायची आणि वजन उतरलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, असा नेम पडला होता.

एका रविवारी जिज्ञासा काट्यावर चढली आणि सई ओरडलीच, "परत उतरलं! जिज्ञासाताई, तुम्ही तर कमालच केलीत!"

टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. बाजूला उभी असलेली तिची आई, सगुणाबाई, हीसुद्धा टाळ्या वाजवत होती. भजनात टाळ धरणारा तो हात, त्याला कधी ठेका चुकल्याचं ठाऊक नव्हतं. आज मात्र तो सगळ्यांच्या मागून पडत होता.

कारण त्या टाळ्या कशावर पडताहेत हे तिथं तिघांनाच ठाऊक होतं. सगुणाबाईला, तिच्या लेकीला आणि खांबाला टेकून उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याला, जनूला.

जिज्ञासाला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असतानाच मधुमेह निघाला होता. म्हातारपणी गोळ्यांवर भागतो तो नव्हे, इन्सुलिन घेतल्यावाचून ज्यात माणूस जगत नाही तो. डॉक्टरांनी दिवसाला चार सुया सांगितल्या. पोरगी बिचारी हसत टोचून घ्यायची, अंगानं छान भरली होती. मग स्थळं सुरू झाली. पहिल्यांनी 'पोरगी जरा जाडी हाय' म्हणून नारळ दिला. दुसऱ्यांना कुठून तरी सुयांचा वास लागला आणि त्यांनी फोन उचलणंच बंद केलं. त्या दिवशी जनूनं घरात फर्मान काढलं.

"लगीन होईपर्यंत या घरात शुगरचं नाव काराचं नाय. सकाळी दार लावून एक सुई, बस. बाकी लगीन जाल्यावर."

जनू काही दुष्ट बाप नव्हता. लेकीसाठी त्यानं टॉवरमध्ये फ्लॅट राखून ठेवला होता. पण चार माणसांत मान खाली जाण्याची भीती माणसाला आंधळं करते, आणि आंधळ्या माणसाच्या हाती घर असलं की सगळं घर ठेचकाळतं. चारांची एक सुई झाली. पोरगी वाळायला लागली. आणि नवल बघा, ती वाळली तशी तिची गावात वाहवा सुरू झाली. बदलापूरच्या शिरगावातून सोहमचं स्थळ आलं, पसंती झाली. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये घेतलेला घागरा महिन्याभरात कमरेवरून सुटायला लागला, तर दुकानदार म्हणाला, "टाइट कर देंगे, टेन्शन मत लो. बेटी हीरोइन हो गई!" जिज्ञासाही हसली होती. मैत्रिणी गुपित विचारायच्या, ती सांगायची, "काय नाय गं, चालते."

बुधवारी त्यांच्या घरी नीलिमा आली. ही बदलापूरची बाई. वर्षभरात उपक्रमानं गावाचं खरंच भलं झालं का, हे पाहून कारखान्याला सांगायचं, हे तिचं काम. गुरुदत्त साहेबांनी तिला आधी जनूच्याच घरी पाठवलं होतं. आपलं सगळ्यात चांगलं फळ आधी दाखवावं, असा हिशेब.

"तेल किती कमी झालं ताई? भात?" नीलिमा विचारत होती.

"भात तर आमी आगरी मानसं, कसा सुटंल?" सगुणाबाई हसली. "पन एक येळ भाकरी करतंय. यांचं पोट बघा ना, पयले दारातून आधी पोट याचं, मंग हे."

"माजं पोट राहू दे," जनू खेकसला. "पोरीचं बोल. गावात पयली हाय मॅडम आमची."

जिज्ञासा पाणी घेऊन आली. पाहुणीला पेला दिला आणि आत जाताना माठाशी थांबून स्वतः तांब्या तोंडाला लावला. रिकामा केला. परत भरला. नीलिमा त्या पोरीच्या गळ्याकडं बघत राहिली. हाडं दिसत होती.

"जिज्ञासाची साखर कधी तपासली होती का?"

"तिशीच्या खालच्यांची तपासत नायत," जनू झटकन म्हणाला. "तुमचाच नियम हाय."

नीलिमा निघाली तेव्हा अंगणात तिनं सगुणाबाईचा हात धरला. "ताई, वजन उतरतं ते दरवेळी चांगल्याच कारणानं उतरतं असं नाही. आजारानंही उतरतं. मला एकदा तिच्या बोटाची टोच घेऊन साखर बघू द्या. आत्ता, इथंच."

सगुणाबाईच्या जिभेवर खरं आलं होतं. ओट्यावर जनू उभा होता.

"आमच्यात कोनाला नाय वो मॅडम ते," ती म्हणाली.

नीलिमानं एका चिठोऱ्यावर आपला नंबर लिहून तिच्या मुठीत दिला आणि गेली. त्या दिवसापासून सगुणाबाईचं हरिपाठात चित्त लागेना. देवापुढं हात जोडले की आपणच आपल्या तोंडानं बोललेलं ते वाक्य मध्ये येऊन उभं राही.

"आये, मना पायांत गोळे येतात गो," जिज्ञासा एका दुपारी म्हणाली. "संध्याकाळी अजून एक सुई घेऊ का? बाबांना नको सांगू."

"घे बाय."

पण शिरगावची माणसं येतील-जातील म्हणून भावेशनं, तिच्या भावानं, औषध मित्राच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवलं होतं. बापाच्या सांगण्यावरून. "आई, कशाला पॅनिक होतेस? मी रोज सकाळी आणतो ना. शादी होऊ दे, मग मस्त ठाण्याचा डॉक्टर करू," असं म्हणून तो गाडीची किल्ली फिरवत निघून गेला. पोरगाही वाईट नव्हता. वाईट कुणीच नव्हतं त्या घरात, आणि पोरगी मात्र मरत होती.

वर्षपूर्तीच्या संध्याकाळी देवळात मांडव पडला. आधी कीर्तन, मग सत्कार. शिरगावहून सोहम आणि त्याची आई मालिनी यांना मुद्दाम बोलावलं होतं. सून गावासमोर बक्षीस घेणार म्हणून त्या खुशीत पुढच्या खुर्चीवर बसल्या होत्या. जिज्ञासानं दुपारी दोनदा ओकारी काढली होती. साडी नेसवताना सगुणाबाईला तिच्या श्वासाला नासक्या फळांसारखा वास आला. "उभी राहा कशीतरी, तासाचा तर प्रश्न हाय," जनू म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता, पण म्हणाला.

धोंडिबा बुवा कीर्तनाला उभे राहिले. खरं तर उभे नव्हते, स्टुलावर बसले होते. वीणा छातीशी धरून त्यांनी पाय पुढं केला. पायाला अंगठा नव्हता.

"मंडळी, मला गोड आहे. बोलण्यात नाही, रक्तात! पंधरा वर्षं लपवलं. बुवा म्हणून मान आहे ना, मग बुवाला रोग कसा असेल? शेवटी हा अंगठा रुसून पुढं गेला. वैकुंठात रुमाल टाकून माझी जागा धरून बसलाय!" मंडप हसला. मृदंगवाल्यानं थाप दिली. बुवा हसले नाहीत. "आता कीर्तनाआधी पोटाला सुई टोचतो आणि मग विठ्ठल म्हणतो. त्याला माझी लाज वाटली नाही. तो तसाच समोर उभा राहतो. मग मी पंधरा वर्षं कुणाला लाजलो, हे मला अजून कळलेलं नाही."

टाळ वाजू लागले. सगुणाबाईचे टाळ मांडीवरच राहिले.

मग गुरुदत्त साहेबांनी माइक घेतला. उपक्रमाचं यश सांगितलं, जिज्ञासाचं नाव पुकारलं. शाल, नारळ, टाळ्या. पोरगी खांबाला धरून हसत होती, श्वास मात्र धापा टाकल्यासारखा खोल चालला होता.

"आणि आता हिच्या आईंनी सांगावं," साहेब म्हणाले, "काय खायला घालून लेकीला असं घडवलं. आमच्या बहिणींना उपयोग होईल."

"हां, सांग गो सगुणे!" कमळाबाई ओरडली. "माज्या राजसीला बी तसंच करतंय. तिचं बी यंदा बघाचं हाय." राजसी, तिची सोळा वर्षांची नात, शेजारी मान वर करून बसली होती. खरंच ऐकायला. डोळे मोठे करून.

माइक सगुणाबाईच्या हातात आला. जनू पुढच्या रांगेतून एकटक पाहत होता. तिनं राजसीकडं पाहिलं, मग लेकीकडं.

"मी काय खायला घातलं ते विचारू नका," ती म्हणाली. "मी काय बंद केलं ते ऐका. माज्या पोरीला शुगर हाय. तरन्यापनीच निघालेली, सुईवर जगाची. चार सुया होत्या, आमी एक केली. लगीन मोडू नये म्हनून. ती बारीक नाय जाली, ती सुकली. तुमी टाल्या वाजवल्या, मी पन वाजवल्या. राजसी, तू असं काय करू नको गो बाय."

"सगुणे!" जनू उठला.

"बसा तुमी! मॅडम, ती टोच घ्या. आता, हितं."

नीलिमा धावली. जिज्ञासाचं बोट टोचलं आणि यंत्राकडं बघून तिचा चेहरा पांढरा पडला. मोजता येईल त्याच्याही वर गेली होती साखर. पोरगी तिच्या खांद्यावरच कोसळली. भावेशनं गर्दीतून वाट काढत गाडी आणली, त्याच्या हातून किल्ली दोनदा पडली.

अतिदक्षता विभागात तिनं डोळे उघडायला दोन दिवस लागले. डॉक्टर म्हणाले, रात्र उलटली असती तर उपयोग नव्हता. मालिनीबाई भेटायला आल्या, सफरचंदं ठेवली आणि म्हणाल्या, "मुलगी गुणी आहे हो, पण आमचा एकुलता एक आहे. तुम्ही समजून घ्या." सोहम दाराबाहेरच थांबला होता. आत आला नाही.

नीलिमानं आपला अहवाल फिरवला. गुरुदत्त साहेबांना स्पष्ट सांगितलं, "काटा खाली गेला एवढं आपण मोजलं. का गेला ते कुणाला विचारलंच नाही. यश म्हणून जिला व्यासपीठावर चढवलं ती मुलगी आपल्या डोळ्यांदेखत इन्सुलिनवाचून पेशी उपाशी राहून मरत होती. अशा आणखी किती असतील?" मग पंधरा वर्षांपुढच्या सगळ्यांची साखर तपासायचं ठरलं. ठरलं, पण पहिल्याच दिवशी कितीतरी घरांनी तरण्या मुली मामाकडं पाठवून दिल्या. रीत एका अहवालानं मरत नाही.

जिज्ञासा घरी आल्यावर महिन्याभरानं जनूच्या चुलत बहिणीचा, तुळशीचा, बदलापूरहून फोन आला. नवं स्थळ होतं. जनू समोरच बसला होता. जिज्ञासा ओट्यावर उजेडात सुई घेत होती.

"तुळशे, आधी ऐक," सगुणाबाई म्हणाली. "पोरीला शुगर हाय. रोज चार सुया, जल्मभर. हे त्यांना पयले सांगाचं. चालत असंल तर पुढं बोल."

पलीकडून हळू हुंदका ऐकू आला.

"वैनी... आमच्या थोरलीला पन तीच हाय गो. सासरी कोनाला म्हाईत नाय. आता तिला दिवस गेलेत. न्हानीत लपून कधी घेते, कधी राहून जाते. मी काय करू?"

सगुणाबाईनं देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवलेला नीलिमाचा नंबर काढला आणि पायांत चपला घातल्या.

"सासर कंच्या गावात? मी मॅडमना घेऊन येतंय. तू बी चल. नाय आलीस तरी मी जाईन."

"लोकांच्या घरात कनाला शिरतंस?" जनू म्हणाला. आवाजात आता जोर नव्हता, जुनी सवय तेवढी होती.

ती उंबऱ्याशी थांबली.

"आपल्या घरात आदीच कोनी शिरला आसता," ती म्हणाली, "तर बरं नसतं जालं?"

याचं उत्तर आपल्यापैकी कुणाला सुचत असेल, तर त्यानं आपल्या घरातल्या पोरीबाळींच्या डोळ्यांत बघून ते द्यावं.